पावण्याचे ढालाईत

कँटीनच्या भिंतीवर नाटकाची पात्रयादी लागली आणि धर्मराजचं डोकंच सटकलं. सिकंदर: सुधीर. भालेवाले: रज्जाक आणि सात जण. आणि पार तळाला, चहाच्या डागाशेजारी: ढालाईत, धर्मराज आणि चार जण.

ढालाईत! म्हणजे बड्या माणसाच्या दारात ढाल-काठी घेऊन ताटकळणारा शिपाई. अरे वा रे वा! अख्ख्या पावण्यात दुसरं कुणी मिळालं नाही होय?

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. नळांच्या तोट्यांना निकेल चढवणारा त्यांचा पावणे गावातला कारखाना पहिल्यांदाच कामगारांच्या एकांकिका स्पर्धेत उतरत होता. धर्मराज प्लेटिंगचा माणूस, हात असा बसलेला की त्याच्या टाकीतून निघालेल्या तोटीत बघून दाढी करावी. त्याचे वडील सिताराम परभणीकडच्या गावात पाटलाच्या दाराबाहेर काठी घेऊन उभे राहायचे; गाव त्यांना ढालाईतच म्हणायचं. आत कधी बोलावलं नाही कुणी. ते वारले आणि आई भिमाबाई लेकराला घेऊन इकडे आली. धर्मराज कामाला लागला त्या दिवशी तिनं एकच सांगितलं होतं, "कुनाच्या दारात उभं ऱ्हायाचं न्हाई, बाबा." आणि आता तिनं कोपरखैरण्याच्या आख्ख्या गल्लीत सांगून ठेवलेलं, माजा लेक नाटकात हाय, मी पैल्या रांगेत बसनार.

तो तडक टाइम ऑफिसात गेला. सुधीर तिथला क्लार्क, नाटक त्यानंच लिहिलेलं.

"दुसरा माणूस बघ. मी कुणाचा ढालाईत होणार नाही."

"अरे येड्या, सगळ्यात भारी पलटण दिलीय तुला!" सुधीर खुर्चीतून उठलाच. "सिकंदराच्या भाषेत त्या पलटणीचं नाव म्हणजे ढाल धरणारे. मी डिक्शनरी उघडली, हा शब्द सापडला, ठोकून दिला."

मग त्यानं टेबलावर पेन्सिली मांडल्या. हे भालेवाले. अठरा फुटी भाला, दोन्ही हातांनी धरायचा, लहानशी ढाल खांद्याला अडकवलेली. समोरून कुणाची माय व्यालीय जवळ यायची! पण वळता येत नाही. बाजूनं कुणी घुसलं की मेले. इकडे, खोडरबराच्या जागी, घोडेस्वार. ते सुसाट सुटतात आणि मधे भगदाड पडतं. त्या भगदाडात हे ढालवाले. मोठी गोल ढाल, आखूड भाला, कमरेला तलवार. तटावर पहिले चढणारे हेच. सगळ्या फौजेतून अंगापिंडानं दणकट आणि छातीचे बघून निवडलेले.

"आणि ऐक, हिंदुस्तानात आले तेव्हा त्यांच्या ढालींवर चांदी चढवलेली होती म्हणतात."

धर्मराज ऐकता ऐकता खाली बसला होता. "चांदी? कशावर? पितळेवर?"

"ते तूच सांग."

झालं! गडी अडकला. पण उठता उठता म्हणाला, "तो शब्द मात्र काढ."

सुधीरचा चेहरा पडला. "यादी स्पर्धेच्या ऑफिसात गेली रे. आता माईकवर तेच वाचणार."

आई ऐकणार. सगळ्या गल्लीसमोर ऐकणार.

तरीही त्यानं ढाली केल्या. पाच घरांतून पितळी पराती आणल्या, त्यात एक भिमाबाईची. "भोक पाडशील तर याद राख," ती म्हणाली. म्हणून कडेला चिमटे लावून पट्टे बसवले. घासून, तासून, निकेलच्या टाकीत सोडून काढल्या, तर रज्जाक डोळ्यांवर हात धरून ओरडला, "आयला धर्मा, भाल्यांकडं कोन बगनार आता!" रज्जाक जासईचा. त्यानं गावाकडून आठ लांबलचक बांबू आणलेले. कारखान्याच्या आवारात, मोकळ्या आभाळाखाली महिनाभर तालीम झाली. तोटीच्या आट्यात केसभर फरक पडला तर माल परत करणारी ही माणसं, पण वाशीच्या हॉलचं छत किती उंच, हे एकाही शहाण्यानं मोजलं नाही!

स्पर्धेच्या दिवशी माईकवर आवाज आला, "ढालाईत, धर्मराज आणि मंडळी." विंगेतून त्याला आई दिसली. नवं लुगडं नेसून ताठ बसलेली. तो शब्द ऐकला आणि तिनं मान खाली घातली. धर्मराजला वाटलं, इथूनच पळून जावं.

पडदा उघडला. झेलमचा काठ. समोरून पोरसाचा हत्ती, म्हणजे गोणपाट चढवलेली मालाची ट्रॉली, आत पॅकिंगचे दोघे ढकलतायत. "भाले!" सुधीर गरजला. आठ बांबू वर गेले आणि खाली येईनात! एक पंख्यात, दोन पडद्याच्या दोरीत, बाकीचे एकमेकांत. रज्जाक हिसके देतोय, वरून धूळ पडतेय, हॉल खदाखदा हसतोय. हत्तीच्या आतल्यांना बाहेरचं काय दिसतंय? ट्रॉली आली सरळ सिकंदरावर. सुधीरची बोबडीच वळली.

त्या क्षणी धर्मराजला टेबलावरच्या पेन्सिली आठवल्या. भगदाड पडलंय. आणि भगदाडात कुणी उभं राहायचं, ते त्याला पक्कं माहीत होतं.

"ढाली लावा!" तो असा ओरडला की हसू जागच्या जागी थांबलं. पाच जण धावले, सिकंदराच्या आणि भालेवाल्यांच्या पुढ्यात खांद्याला खांदा भिडवून उभे राहिले. पाच पराती एका रेषेत आल्या, त्यांवर दिव्यांचा झोत पडला आणि पहिल्या पाच रांगांनी डोळे मिटले. ट्रॉली धाडकन आदळली. धर्मराजचा खांदा ठणकला, पाय मात्र तसूभर हलला नाही. उलट त्यानं रेटा दिला आणि हत्ती मागे, आणखी मागे!

सुधीरला कसंबसं एकच वाक्य आठवलं, "ढालाईत, मागे सरा!"

"ढालाईत मागं सरत नसतो, राजे!" हे कुठल्याच कागदावर नव्हतं. "तुमचे भाले मोकळे होईस्तोवर आम्ही हितंच हाय!"

मागे रज्जाकनं शेवटचा बांबू सोडवला. आठही भाले पाच ढालींवरून सपकन पुढे आले आणि हॉल उठून उभा राहिला. शिट्ट्या, आरोळ्या, टाळ्या, काही विचारू नका! त्या गलक्यात भिमाबाईचा आवाज सगळ्यांच्या वर, "ती माजी परात हाय! आन त्यो ढालाईत माजा लेक हाय!"

पहिलं बक्षीस पावण्याला मिळालं. परीक्षकांनी ढालींच्या त्या डावाचं खास कौतुक केलं आणि सुधीरनं निर्लज्जपणे मान डोलावली.

बाहेर आल्यावर धर्मराजनं आईसमोर परात धरली. मधोमध चांगला पोचा पडला होता.

"आई, हा ठोकून काढतो."

"हात लावू नगंस." तिनं पदरानं पोचा पुसला आणि परात छातीशी धरली. "तुजा बाप जल्मभर दाराभाईर उभा ऱ्हायला रं. तू म्होरं उभा ऱ्हायलास."