सफाईवाल्यांचे कोरे पान

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. नारिन गावच्या इस्पितळात कोण कधी आजारी पडले आणि किती दिवस रजेवर गेले, हे माझ्यात लिहीत असत. बिश्केकच्या बांधणीवाल्याने मला हिरवा पुठ्ठा चढवला आणि मुख्य परिचारिका कानिशायबाईंच्या मेजावर मी एकवीस वर्षे काढली. आता संगणक आला आहे आणि मी कपाटात पडून आहे. पण एका हिवाळ्याची धास्ती अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

माझ्यात प्रत्येक कामाची पाने वेगळी होती. डॉक्टरांच्या रजा तुरळक. ते अंगात ताप घेऊनही रुग्ण तपासत. परिचारिकांची पाने कंबरदुखीने भरून जात. स्वयंपाकघरातल्या बायका हात भाजला की यायच्या. सफाईवाल्यांचे पान मात्र कोरे होते. मी मेजावर आल्यापासूनच्या चार वर्षांत एकही नाव नाही.

एकदा संचालकांनी भर सभेत ते पान सगळ्यांना दाखवले. "बघा, यांना म्हणतात कामाची माणसं," ते म्हणाले. टाळ्या वाजल्या. मीही फुशारले. आज त्याची लाज वाटते.

कानिशायबाईंची खोली पुसायला बुरुल यायची. पन्नाशीची विधवा, घरात कमावती ती एकटीच. त्या हिवाळ्यात ती खोकू लागली. पावले वाजली की डोक्याचा रुमाल तोंडात कोंबायची. बरोबरची झूरा तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायची.

"एजे, छातीचा फोटो काढून घ्या. दोन महिने खोकताय."

"आणि त्यात काही निघालं म्हणजे? आपलं काम सहा-सहा महिन्यांच्या कागदावर. मार्चमध्ये सही व्हायचीय आणि फाटकाशी दोघी आपल्या जागेची वाटच बघतायत. गप बस आणि बादली उचल."

बादली उचलून त्या मुलांच्या विभागाकडे जात. मला सगळे कळत होते, पण मला तोंड नव्हते.

जानेवारीत कानिशायबाई वर्षाचा अहवाल करायला बसल्या. त्या कोऱ्या पानाशी त्यांची पेन्सिल थांबली. मग त्यांनी बुरुलला बोलावले.

"एजे, तुम्ही कधीच आजारी पडत नाही?"

"आमच्याकडे यायला आजाराला फुरसत कुठंय, बाई?" बुरुल हसली. त्या हसण्यातच तिला उबळ आली. रुमालावर रक्त होते. तिने तो मुठीत दडवला आणि हळूच म्हणाली, "एवढी सही होऊ द्या. मग लिहा."

कानिशायबाईंनी त्याच दिवशी तिच्या छातीचा फोटो काढायला लावला. तिला क्षय झाला होता. मुलांच्या विभागातल्या अकरा मुलांच्या हातावर सुई टोचून तपासणी झाली. सूज येते का, हे तिसऱ्या दिवशी कळणार होते. ते तीन दिवस कानिशायबाई जेवल्या नाहीत. मला उघडत आणि मिटत. वेगळ्या खोलीत ठेवलेली बुरुल दाराआडून येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारायची, "पोरांचं काय?"

नऊ मुले सुटली. दोघांच्या हाताला सूज होती. त्यांना अनेक महिने औषधे घ्यावी लागली. ती बरी झाली. बुरुलही वाचली, पण आता दोन पायऱ्या चढली की तिला बसावे लागते.

नंतरही सफाईवाल्यांची भीती लगेच गेली नाही. वसंतात झूरा तापाने फणफणलेली दारात उभी राहिली.

"उद्या माझं काम दुसरीला दिलंत तर?" तिने विचारले.

"तुझा झाडू मी या कपाटात कुलूप लावून ठेवते," कानिशायबाई म्हणाल्या. "किल्ली तू घेऊन जा."

आणि त्यांनी तिचे नाव लिहिले. सफाईवाल्यांच्या पानावर आपण होऊन आलेले ते पहिले नाव.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, दवाखान्यात कुणी खोकत लादी पुसत असेल, तर बाजूने नुसते निघून जाऊ नका. थांबा, त्यांची विचारपूस करा. "काही नाही" असे उत्तर आले, तर पुन्हा विचारा. त्यांना खरे सांगायचे असते; फक्त फार भीती वाटत असते.