तिसऱ्या पानावरचं बटण

मित्रांनो, मी बटण आहे. सदऱ्याचं नव्हे, मोबाइलच्या पडद्यावरचं. घरचं माणूस आत्ता कुठे आहे ते नकाशावर दाखवणारं एक ॲप आहे, त्यात मी राहतो. ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये एकेक, असा मी लाखो ठिकाणी आहे. माझं काम एवढंच, की कुणी मला दाबलं म्हणजे त्याचा ठावठिकाणा इतरांना दिसायचा बंद व्हायचा.

मला एका डिझायनर बाईंनी घडवलं. पहिल्याच पानावर, अंगठ्याखाली येईन असा, लालभडक. अंगावर ठळक अक्षरांत 'थांबवा'. त्यांनी मोबाइल आपल्या आईच्या हाती दिला. आईंचा चष्मा नेमका सापडत नव्हता, तरी त्यांनी मला पहिल्या झटक्यात दाबलं. "हे बरं केलंस, कुणाला विचारायला नको," त्या म्हणाल्या. मला फार धन्य वाटलं.

वर्षभराने कंपनीच्या साहेबांनी तक्रार काढली. "लोक फार पटकन थांबवतात. याला जरा आत सरकवा."

"ज्याला खरंच गरज आहे त्याला कसं सापडायचं?" बाईंनी विचारलं.

"शोधणाऱ्याला देव सापडतो, बाई. हे तर बटण आहे."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली. मला तिसऱ्या पानाच्या तळाशी नेलं. माझा रंग राखाडी केला, मागची पाटीही राखाडीच. वाटेत, दुसऱ्या पानावर, एक हिरवंगार बटण बसवलं. वर प्रश्न, 'तुम्हाला नक्की थांबवायचं आहे?' आणि त्या बटणावर शब्द, 'सुरू ठेवा'.

मग एक नर्स आली. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती दुसऱ्या गावी बहिणीकडे आली होती. भर दुपारी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून ती मला शोधत होती. दुसऱ्या पानावर तिने प्रश्न वाचला आणि हिरवं बटण दाबलं. तिला वाटलं, थांबवण्याचंच काम पुढे सुरू ठेवायचं आहे. मी एक पान पलीकडे होतो. मला हाक मारता येत नाही.

"ताई, झालं एकदाचं बंद," ती म्हणाली.

नकाशावर तिचा निळा ठिपका तसाच राहिला. चौथ्या दिवशी नवऱ्याचा ठिपका हलू लागला. हमरस्ता, पूल, मग ताईची गल्ली. दोन ठिपक्यांत नखाएवढं अंतर उरलं, मग तेही नाही. दारावरची घंटा वाजली.

ताईने साखळी न काढता दार किलकिलं केलं. "तुम्हाला पत्ता कुणी दिला?"

"तिनेच," तो शांतपणे म्हणाला आणि मोबाइल पुढे धरला.

ताईने दार लावून पोलिसांना फोन केला. ते येईपर्यंत तो पायरीवर बसून होता. पोलिसांनी त्याला तिथून उठवलं, तेव्हा जाताना म्हणाला, "आज नाही तर उद्या."

नर्सने मोबाइल बंद करून टेबलावर ठेवला. नुकतीच मिळालेली नोकरी सोडून ती बहिणीबरोबर मागच्या दाराने बाहेर पडली. कुठे गेली, मला माहीत नाही. तेच बरं.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलंही कुणी असे पडदे आखील. आत येण्याची वाट जेवढी सोपी कराल, तेवढीच बाहेर पडण्याचीही करा. शब्द असा लिहा, की घाबरलेल्या माणसालाही कळावा. आणि कुणी म्हणालं, "जरा आत सरकवा," तर विचारा, कुणासाठी?

मी अजून तिसऱ्या पानावरच आहे. आत्ता, या घडीला, कुणीतरी दुसऱ्या पानापर्यंत आलंय. अंगठा हिरव्या बटणावर थबकलाय.