मिझुरीत सध्या बंदी आहे

माझ्या लेकीच्या, ऑपलच्या केसांत अडकलेलं पीनट बटर मी काढत होते, तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन आला. गुरुवारचं ठरलेलं सगळं रद्द झालं होतं.

"रद्द म्हणजे पुढे ढकललंय ना?" मी विचारलं.

"तारीख देता येत नाहीये," नर्स म्हणाली. "आज वरच्या कोर्टाचा आदेश आलाय. आमचे वकील तो वाचतायत."

"पण नोव्हेंबरमध्ये आपण मतं दिली ना यासाठी? जिंकलो ना?"

"जिंकलो."

"मग कायदा बदलला."

"घटना बदलली. जुना कायदा तसाच आहे. खालच्या कोर्टाने त्याला स्थगिती दिली होती, ती आता उठवायला सांगितलीय."

"अहो, मग मिझुरीत गर्भपाताला बंदी आहे की नाही?"

"घटनेप्रमाणे नाही. सध्या आहे."

तिच्यावर ओरडण्यात अर्थ नव्हता. मी "थँक यू" म्हटलं, फोन ठेवला आणि ऑपलचा एक केस उगाच जोरात ओढला गेला. ती रडायला लागली. मग मीही.

ऑपल झाली तेव्हा माझं हृदय फुगलं होतं. पोरगी दहा दिवसांची आणि मी जिना चढताना धापा टाकतेय. पहिल्या बाळंतपणात होतंच असं, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. शेवटी आयसीयूमध्ये पोचले तेव्हा डॉक्टर हालोरन माझ्या नवऱ्याला, ट्रेंटला, बाहेर घेऊन काय बोलल्या ते त्याने मला वर्षभर सांगितलं नाही. हृदय सावरलं, पण पुन्हा दिवस जाऊ द्यायचे नाहीत, हे बजावून सांगितलं होतं. तांबी बसवली. ती सरकली. आता आठवा आठवडा चालू होता आणि मी रात्रंदिवस नाडी मोजत होते. ट्रेंट मालवाहू बोटीवर, मिसिसिपीत कुठेतरी मेम्फिसच्या खाली. महिनाभर बोटीवर, महिनाभर घरी, अशी त्याची नोकरी. तो परत यायला अजून वेळ होता.

डोळे पुसते तोच दाराची बेल. व्हर्लीन टॅकेट, शेजारीण, हातात फॉइलने झाकलेलं चिकनचं कॅसरोल.

"मी काही बोलायला आले नाही," ती म्हणाली. "फक्त हे ठेवते. हृदयासाठी मीठ कमी घातलंय. आणि अभिनंदन."

"कशाचं?"

"अगं, बाळाचं. प्रार्थनेच्या साखळीत नाव आलंय तुझं."

मी दाराला टेकले. आदल्या दिवशी मेमोरियल डेला आम्ही सासऱ्यांच्या थडग्यावर पिओनीची फुलं ठेवायला गेलो होतो. तिथे मला दोनदा ओकारी झाली. लॉनेट, म्हणजे माझ्या सासूबाई, काही आंधळ्या नाहीत. त्यांनी विचारलं तेव्हा मी दिवस गेल्याचं आणि हृदयाचा धोका असल्याचं सांगितलं. गुरुवारचं सांगायला धीर झाला नाही. त्यांनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "तू काळजी करू नकोस." त्याचा अर्थ असा होता तर. आमच्या चर्चमध्ये कुणाला दुखलंखुपलं की एक बाई दुसरीला फोन करते, दुसरी तिसरीला, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत अख्खं गाव देवाशी तुमच्याबद्दल बोलत असतं.

संध्याकाळपर्यंत माझ्या फ्रिजमध्ये तीन कॅसरोल, एक वाडगा जेली आणि विणलेली दोन टोपडी होती. टोपडी मीच फ्रिजमध्ये ठेवली होती, घाईत. साखळीच्या शेवटच्या घरापर्यंत पोचेस्तोवर मला जुळं झालं होतं.

सासूबाई आल्या तेव्हा मी त्यांना स्वयंपाकघरात बसवलं आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांचं बोलणं, गुरुवार, आलेला फोन. त्या ऐकत राहिल्या. त्यांच्या अंगणात गेल्या शरद ऋतूत बंदीच्या बाजूने मत द्या अशी पाटी होती. पाटीपुढे उभं राहून त्यांनी ऑपलचा फोटोही काढला होता. त्यामुळे मी आरडाओरड्याच्या तयारीत होते.

पण त्या म्हणाल्या, "तू आयसीयूत होतीस त्या रात्री ट्रेंट माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला होता. तिशीचा बाप्या." मग नाक शिंकरलं. "तू ऐकण्यात चूक केली असणार. तुझ्यासारखीला नाही म्हणत नाहीत."

"आई, मी कॉलेज शिकलेय. मला 'रद्द' कळतं."

"कॉलेजवाल्यांना विचारता येत नाही नीट. उद्या मी येते."

मी हो म्हटलं. हट्टी बाईला हॉस्पिटलचा दरवाजाच समजावू दे, असं वाटलं मला. आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी आशाही होती. या बाईने एकदा चर्चच्या छपरासाठी विमा कंपनीकडून दुप्पट पैसे काढले होते.

बुधवारी त्या रविवारचा ड्रेस घालून आल्या. डॉक्टर हालोरनच्या खोलीत त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली.

"मी हिची सासू. आधीच सांगते, आम्ही तसले लोक नाही."

"कसले लोक, मिसेस प्रूएट?"

"तुम्हाला माहितीये कसले. तो कायदा अशा पोरींसाठी आहे ज्यांना... ही तर लग्नाची बाई आहे. पोर आहे तिला. मरू शकते ती."

"हो, शक्यता आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"मग झालं तर. कायद्यात आणीबाणीला सूट आहे. मी स्वतः वाचलंय, पत्रकावर होतं."

"आहे. पण आज ब्रेनाची आणीबाणी नाही. आज ती पायांनी चालत आली."

"मग उद्या उचलून आणू?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "आणीबाणी नेमकी कधी सुरू होते, हे मी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, डॉक्टर तुम्ही आहात, तुम्ही ठरवा. आणि चुकलात तर तुरुंग."

"लोकांनी मतं दिली ना पण," सासूबाई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे वळून बघितलं. "तुम्ही विरोधात दिलं."

"मी तुझ्याविरुद्ध नव्हतं दिलं, बाळा."

"मग कुणाविरुद्ध दिलं?"

त्या पर्सच्या चापाशी खेळत बसल्या. डॉक्टरांनी एका कागदावर इलिनॉयमधल्या एका डॉक्टरचा नंबर लिहून दिला. नदीपलीकडे, तासभराच्या अंतरावर. तिथल्यांना म्हणे आमचं राज्य आता पाठ झालंय. मंगळवारी आदेश आला तेव्हापासून त्यांचे फोन थांबलेले नव्हते.

पार्किंगमध्ये मी म्हटलं, "मला सोबत माणूस लागेल. गुंगी देतात, गाडी चालवता येत नाही. आणि ऑपलला कुणीतरी सांभाळायला हवं."

"मी चालवीन." त्यांनी एवढंच म्हटलं, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी गाडीच्या टपावर हात ठेवून उभी राहिले. मग त्यांचा चेहरा पडला. "पण अख्ख्या गावाला बाळ माहितीये. मीच सांगितलं."

"हो. तुम्हीच."

गाडीत बसून त्यांनी साखळीच्या प्रमुख बाईंना फोन लावला. आमच्यात आणखी एक रीत आहे. प्रार्थना हवी असते, पण कशासाठी ते सांगायचं नसतं, तेव्हा नुसतं 'अबोल' म्हणायचं. अबोल मागण्याबद्दल कुणी कधी विचारत नाही. दारुडे नवरे, पळालेल्या मुली, सगळं त्या शब्दाखाली झाकलं जातं.

"ब्रेनाची विनंती बदलायचीये," सासूबाई फोनवर म्हणाल्या. "आता ती अबोल आहे. हो. फक्त अबोल. नाही, जुळं नाही, ते कुणी सांगितलं?"

पुढच्या आठवड्यात आम्ही निघालो. व्हर्लीन ऑपलला सांभाळायला सकाळीच आली. "मी काही विचारत नाही," ती म्हणाली. माझी पिशवी बघून पुन्हा म्हणाली, "अजिबात विचारत नाही." मी चप्पल घालेपर्यंत तिने चारदा विचारलं नाही.

इलिनॉयमध्ये कुणी मला वकिलांची गोष्ट सांगितली नाही. हृदयाला यंत्र लावलं, एक नर्स शेवटपर्यंत पडद्यावरची रेघ बघत बसली, आणि ती रेघ नीट चालली. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी मी आठवडाभर उशीवर कान ठेवून माझेच ठोके ऐकत पडले होते. जागी झाले तेव्हा सासूबाई शेजारी बसून कुणाचातरी स्वेटर उसवत होत्या.

परतताना पूल ओलांडला तसं मी म्हटलं, "पुढच्या वर्षी परत मतदान आहे. आपण केलेलं रद्द करायचं की नाही, यावर."

"माहितीये."

"तुम्ही काय करणार?"

"काय करणार म्हणजे? बंदी हवीच, ब्रेना. मर्यादा हवी ना कुठेतरी."

मला वाटलं गुंगीत काहीतरी भलतंच ऐकलं. "आणि मी?"

"तुझं झालं की आता," त्या अगदी मायेने म्हणाल्या आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "तुझं वेगळं होतं."

"प्रत्येकीचं वेगळंच असतं. चर्चमध्ये सांगाल का मला काय लागलं ते? नाव घेऊन? म्हणजे त्यांना तरी कळेल."

"अगं, ते अबोल आहे. अबोल बोलत नाहीत. आणि तुझ्या भल्यासाठीच केलं ना मी."

केलं होतं. तेच तर. या बाईने मला नदीपार नेलं, सहा तास प्लास्टिकच्या खुर्चीत बसली, आणि पुढच्या वर्षी हीच बाई दुसऱ्या कुणाची तरी वाट बंद करायला रांगेत उभी राहणार, आणि तोवर मला ऑपलला तिच्याकडेच सोडून कामावर जायचंय. भांडायला माझ्याकडे ताकद नव्हती. खिडकीतून मक्याची शेतं जात राहिली.

घरी व्हर्लीन दारातच उभी होती, ऑपल तिच्या कमरेवर. मागून सासूबाई माझी पिशवी घेऊन आल्या.

"मी काही विचारत नाही," व्हर्लीन म्हणाली.

"मी गर्भपात करून आले," मी म्हटलं. "इलिनॉयला. इथे करता आला नाही. गर्भ तसाच ठेवला असता तर बहुतेक मेले असते."

मागे पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. व्हर्लीनने सासूबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पायपुसण्याकडे.

"मी विचारलं नव्हतं," ती म्हणाली.

"माहितीये. मी सांगतेय."

तिने ऑपलला या कमरेवरून त्या कमरेवर घेतलं. "हिने वाटाणे खाल्ले नाहीत," ती शेवटी म्हणाली. मी हात पुढे केले आणि माझी पोर मागून घेतली.