पाय न वाजवता

“आता कशाला टोचताय, सिस्टर?” माळ्याने बाही खाली ओढली. “धनुर्वात होऊन गेला की. अंगाला ओळख पटली असेल त्याची.”

खिडकीवरचा काळा पडदा आज काढला होता. खत उपसताना पायात दाताळं घुसलं आणि हा माणूस या खोलीत महिनाभर कमानीसारखा ताठ होत राहिला. उजेड पडला, चमचा वाजला, तरी झटका यायचा. म्हणून सगळे चपला बाहेर काढून यायचे, कानाशी वाकून बोलायचे.

सिस्टर स्टुलावर टेकली. समजावण्याचं त्राण उरलं नव्हतं. तरी ती म्हणाली, “नाही पटत ओळख. गोवर शरीर लक्षात ठेवतं, हे नाही. हे विष इतकं जहाल, की माणूस आडवा करायला कणभर पुरतं. आणि तेवढ्या कणाची शरीर दखलच घेत नाही.”

“मग पहिल्या दिवशी दिलंत ते?”

“ते आयतं औषध होतं, दुसऱ्याच्या रक्तातलं. सुटं फिरणारं विष त्याने धरलं. नसांत शिरलेलं तसंच राहिलं. ते औषधही आता ओसरेल. मग तुम्ही पुन्हा कोरे.”

“म्हणजे एवढं भोगलं ते फुकट?”

“फुकटच.”

“शाळेतही माझं असंच. मार खायचो, धडा काही लक्षात राहायचा नाही.” तो हसला. जबडा अजून अर्धाच उघडत होता. “आणि या सुईत काय आहे?”

“तेच विष, दात काढलेलं. पण शरीराला दिसेल इतकं.”

“नको बुवा. सुयांना विटलो. पुढच्या वेळी बघू.”

चादरीची घडी घालणारी त्याची बायको थांबली.

“पुढच्या वेळी? अहो, महिनाभर मी या खोलीत खोकलेसुद्धा नाही. रडू आलं की जिन्यात जाऊन बसायचे. पुन्हा नाही जमायचं मला. करा बाही वर.”

माळ्याने बाही सरकवून दंड पुढे केला.

संध्याकाळी सिस्टरने आपल्या किल्लीने घराचं दार उघडलं. चपला बाहेरच सोडल्या, किल्ल्या रुमालात गुंडाळून ठेवल्या. नळाची धार बारीक करून पेला भरला आणि स्वयंपाकघरात उभ्यानेच पाणी प्यायली. नवरा पेपर हातात घेऊन आत आला आणि दचकला.

“कधी आलीस? मला पत्ताच नाही.”

“मघाशीच,” ती म्हणाली, आणि पेला आवाज न करता पालथा ठेवला.