अडीचशे तास
गाडीचं ऑइल किती दिवसांनी बदलायचं, या साध्या प्रश्नाने माझ्या डोक्याचा पार भुगा केला.

नवरा गेल्याला दीड वर्ष झालं. तो होता तोवर गाडीचं सगळं तोच बघायचा. तो गेल्यावर सासऱ्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि बजावलं, "तेलपाणी वेळेवर झालं पाहिजे. इंजिन बसलं तर गाडी विकायची." शाळा गावाबाहेर, तिथे बस जात नाही. गाडी गेली की नोकरी गेली, एवढं सरळ होतं ते.

म्हणून विचारत सुटले. धाकटा दीर म्हणाला, पाच हजार किलोमीटर. शाळेतले विज्ञानाचे सर म्हणाले, दहा हजार. शिपाई म्हणाला, "बाई, काळं झालं की बदलायचं." माझ्या भावाच्या मते वर्षातून एकदा, गाडी चालो न चालो. मी गणित शिकवते. एका प्रश्नाला चार उत्तरं आली की माझं टाळकं सटकतं.

शेवटी गॅरेजवाल्याकडे गेले. दीड वर्षात एकदाही ऑइल बदललेलं नाही, हे कबूल करताना मान खाली गेली. त्याने बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी काढून पुसली, पुन्हा बुडवून उजेडात धरली.

"थट्टा करता का गरिबाची? हे तर कोरं आहे. कुठे बदललंत?"

"कुठेच नाही."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच मला खोटी वाटले. दोन महिन्यांनी पुन्हा गेले. ऑइल पुन्हा कोरंच. या वेळी त्याने बॉनेट आपटून बंद केलं. मला मात्र भीती वाटायला लागली, की मीच कधीतरी बदलून विसरत तर नाही?

एका रविवारी चालतच आईकडे गेले होते, ती घरात नव्हती म्हणून तासाभरात परतले. अंगणात गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. शेजारी जुनं पातेलं, पाना आणि एक वही.

"बाबा?"

सासरे सरपटत बाहेर आले. हात कोपरापर्यंत काळे. चोरी पकडल्यासारखा चेहरा.

"अडीचशे तास झाले," ते म्हणाले. "अडीचशेला बदलायचंच."

सासऱ्यांची सगळी नोकरी कारखान्याच्या जनरेटरवर गेली. तिथे किलोमीटर नसतात, आणि पाळी संपेपर्यंत इंजिन बंद होत नाही. इंजिन किती तास चाललं, ते बघून ऑइल बदलतात. मी वही उचलली. रोजची तारीख, मी घरातून निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ, पुढे बेरीज. नऊ तास. नऊ तास. पावणेदहा तास. दर सव्वा महिन्याला एक आडवी रेघ, म्हणजे नवं ऑइल.

"अहो बाबा, गाडी वीस मिनिटं जाताना चालते, वीस मिनिटं येताना. मधे शाळेच्या भिंतीला उभी असते."

त्यांना कळेचना. "बंद?"

"बंद."

"मग तू दिवसभर रस्त्यावर नसतेस?"

"वर्गात असते. शिकवते."

ते पायरीवर बसले. वहीची पानं मागे मागे उलटत राहिले.

"मला वाटायचं, नऊ तास ही एकटी गाडी हाकतेय. मधेच इंजिन बसलं तर? तू परत येईपर्यंत घास उतरायचा नाही." मग माझ्याकडे बघून, अगदी गोंधळून म्हणाले, "मग मी दिवसभर कसली काळजी करत होतो गं?"

मला रडू आलं. ते लपवायला मी दटावून विचारलं, "आणि गाडी विकायची?"

"कशाला? इंजिन ठणठणीत आहे."

सोमवारी निघाले तर ते खिडकीत घड्याळ बघून वहीत वेळ लिहीत होते. कितीदा समजावणार? शाळेच्या भिंतीशी गाडी लावली आणि तिथूनच फोन केला.

"पोचले, बाबा."

"इंजिन बंद केलंस?"

"केलं."

"थांब," ते म्हणाले, "लिहून घेतो." आणि दीड वर्षात पहिल्यांदाच म्हणाले, "आता जेवतो मग."