वसंताने न घेतलेलं नाव

माझं नाव श्रीहरी, हा काही माझा गुन्हा नाही. पण माझी बायको वसंता आमच्या तंजावरी मराठी घरांच्या रीतीप्रमाणे नवऱ्याचं नाव उच्चारत नाही. भजनात ‘हरी’ आला की ओठ मिटते आणि नुसत्या टाळ्या वाजवते. देवावर हा अन्याय आहे, असं मी तिला कितीदा तरी सुनावलंय.

परवा सकाळी सांबारपोडीच्या मसाल्यासाठी मिरच्या भाजताना ती एकाएकी डोकं धरून खाली बसली. असं डोकं जन्मात दुखलं नव्हतं म्हणाली. जरा उतार पडला, तर पुन्हा निघाली मिरच्यांकडे! मी आवाज चढवला आणि तिला अड्यारच्या इस्पितळात नेलं.

डॉक्टरचं नाव तरुण; दिल्लीकडचा, नवाच. मोडक्यातोडक्या तमिळमध्ये त्याने तिची परीक्षा घेतली. वार, साल, गाव, सगळं तिने फटाफट सांगितलं, वर त्याचं तमिळही सुधारलं. “अर्धशिशी दिसते,” म्हणत त्याने गोळ्या लिहिल्या आणि शेवटचं म्हणून विचारलं, “नवऱ्याचं नाव?”

वसंता गप्प. त्याने पुन्हा विचारलं. तिने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. मी तोंड उघडलं, तर “तुम्ही सांगू नका!” म्हणून खेकसला. ती लाजून भिंतीकडे बघू लागली. त्याने गोळ्या खोडल्या आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन सांगितला.

“अय्यो, डोस्कं बरं आहे माझं,” ती कुरकुरली. मला हसू आवरेना.

स्कॅन बघून तरुण आला तेव्हा ते हसू पळालं. एका धमनीला उडदाच्या दाण्याएवढा फुगा आला होता. सकाळी तो किंचित पाझरला होता. पुन्हा फुटला तर जीवच जायचा.

“पण एवढ्याशा पाझरण्याने त्या नवऱ्याचं नाव कशा विसरतील?” तो गोंधळला होता. मी आमची रीत सांगितली. तो मटकन खुर्चीत बसला. “मी त्यांना घरी पाठवणार होतो,” म्हणाला.

त्याच दिवशी मांडीतून बारीक नळी वर नेऊन मोठ्या डॉक्टरांनी तो फुगा आतून बंद केला. बाहेर बसून मी इतका घाबरलो होतो की नवसदेखील सुचेना.

ती शुद्धीवर आल्यावर हातातली ताकद बघायची होती. तरुणने आपलं बोट पुढे केलं, मग काय वाटलं कोण जाणे, मागे घेतलं आणि माझा हात तिच्या हातात दिला.

तिने असा दाबला की माझी बोटं कळवळली.

“जेवलात का?” तिने विचारलं.

मला रडूच फुटलं. तरुणला वाटलं, हात दुखला.