दवाखान्यात न लंगडणारा घोडा

मित्रांनो, मी सरताज. कवठे महांकाळच्या सिकंदरभाईंच्या तबेल्यातला बदामी घोडा. आज मी वरातीत डौलाने चालतो. पण ऐन वाढीच्या वयात माझ्या एका पायाने सगळ्यांना हैराण केलं होतं.

वरातीला घोडे देणं हा सिकंदरभाईंचा पिढीजात धंदा. त्यांची मुलगी सुमैरा कॉलेजला जाण्याआधी मला खरारा करायची. आवाजाची सवय व्हावी म्हणून मोबाइलवर बँड ऐकवायची. मी भरभर उंच झालो. लोक रस्त्यात थांबून माझ्याकडे बघत.

मग एका सकाळी तबेल्यातून निघताना माझा मागचा डावा पाय वाकेचना. तो ताठ मागे राहिला आणि खूर जमिनीवर घासत गेला. थोडं चाललो आणि पाय आपोआप मोकळा झाला. पुढे बरेच दिवस काही नाही. मग पुन्हा तेच.

जनावरांचा दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी तिथवर चालत जायचो आणि पोचायचो तेव्हा ठणठणीत असायचो. डॉक्टर राजनंदिनीबाईंनी खूर दाबून पाहिला, सांधे चाचपले. काही सापडलं नाही. नालबंदाने नाल बदलून पाहिली. शेवटी विश्रांती मिळावी म्हणून सिकंदरभाईंनी मला बांधूनच ठेवलं, तर पाय जास्तच अडू लागला.

"सोंग करतंय," शेजारचे भाऊसो म्हणाले. "दवाखान्यात कसं सरळ चालतंय बघा की."

मी सोंग करत नव्हतो, मित्रांनो. पण सांगू कसं?

नवरदेव पाठीवर असताना पाय अडला तर काय, ही भीती सिकंदरभाईंच्या मनातून जाईना. त्यांनी मला विकायचं ठरवलं. विट्याचे जयराजशेठ बघायला आले. त्यांचं गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं दुकान परमुलखात. सुट्टीला गावी आले होते आणि लेकीला बसायला घोडा शोधत होते. नेमकी त्या दिवशी माझी चाल झकास होती. शेठ खूश झाले. सिकंदरभाईंनी पायाचा विषयच काढला नाही.

सुमैरा मात्र पुढे आली. "काका, ह्यो मधनंच लंगडतोय. कशानं, ते आमाला अजून कळलं न्हाई. तुमची लेक बसणार, म्हणून सांगते."

"बरं केलंस, पोरी," शेठ एवढंच म्हणाले आणि घोडा न घेताच निघून गेले.

संध्याकाळी सिकंदरभाई तबेल्यात आले. मग माझ्या मानेवर हात ठेवून लेकीला म्हणाले, "मीच सांगाय पायजे हुतं. डॉक्टरबाईंना परत फोन लाव."

बाईंनी फोनवर विचारलं, "पाय नेमका कधी अडतो?"

"सकाळी, तबेल्यातनं काढताना," सुमैरा म्हणाली.

"मग मी चुकीच्या वेळी बघत होते. उद्या मी येईपर्यंत त्याला हलवू नका."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. मला बाहेर काढलं आणि पाय अडला. बाईंनी मला एक पाऊल मागे घेतलं. कट्कन आवाज झाला आणि पाय वाकला.

"गुडघ्याची वाटी वर सरकून अडकतेय," त्या म्हणाल्या. "उंची वाढली, पण मांडी अजून भरली नाही. बांधून ठेवू नका. रोज चालवा, मग हळूहळू चढावर घ्या."

"आन् न्हाई सुधारला तर?" सिकंदरभाईंनी विचारलं.

"तर छोटं ऑपरेशन आहे. पण बहुतेक ती वेळ येणार नाही."

मग रोज सकाळी सुमैरा आणि मी गावामागच्या टेकडीवर. सुरुवातीला अर्ध्या चढावरच माझा श्वास फुलायचा. ईदला घरी पाहुणे आले, मी बांधून राहिलो आणि पाय पुन्हा अडला. सुमैरा घाबरली नाही. तिने मला पाऊलभर मागे घेतलं आणि मग टेकडीवर नेलं. हळूहळू माझ्या मांड्या भरल्या आणि तो चढ मला चढ वाटेनासा झाला.

माझ्या पहिल्या वरातीत नवरदेवाला यायला उशीर झाला. मी मांडवाबाहेर बराच वेळ उभा होतो. सिकंदरभाईंची नजर माझ्या मागच्या पायावर खिळली होती. नवरदेव बसला, बँड सुरू झाला, मी पाय उचलला. तो वाकला. सिकंदरभाईंनी लगाम सैल सोडला आणि आम्ही निघालो.

मित्रांनो, तुमच्या घरचं जनावर मध्येच वेगळं वागू लागलं, तर त्याला ढोंगी ठरवू नका. ते कधी होतं, कशानंतर होतं, हे नीट बघा आणि जाणत्या माणसाला खरंखरं सांगा. आम्हाला तेवढं पुरतं. पुढचं चालणं आमचं आम्ही करतो.